मोटारीचा अपघात आणि तिऱ्हाइताचा हक्क

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत १७ ऑगस्ट १८९६ रोजीं ४४ वर्षांची एक स्त्री मोटारगाडीखालीं सांपडून मरण पावली. मोटारीनें पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ब्रिटनमधील ही पहिली नोंद होय. चौकशी झाली, पंचांनीं ‘अपघाती मृत्यु’ असा निर्णय दिला आणि प्रकरण तेथेंच मिटलें. मोटार ही त्या काळीं इतकी नवलाईची वस्तु होती कीं, तिच्यामुळें आलेलें मरण हा दैवाचा घाला समजला गेला. पुढें पस्तीस वर्षेंहि लोटलीं नाहींत तोंच हा घाला रोजचा झाला. १९३० सालीं एकट्या ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसें मेलीं. क्वचित् येणारें दुःख माणूस दैवाच्या माथीं मारूं शकतो. रोजच्या दुःखाला मात्र कायदाच करावा लागतो. तो कायदा कसा घडला आणि विमा कंपनीच्या दारांत उभ्या राहणाऱ्या जखमी माणसाला त्यानें काय दिलें, हें पाहण्याजोगें आहे.

मोटारीचा विमा आरंभीं जखमी माणसासाठीं नव्हताच. तो मालकासाठीं होता. आपल्या गाडीनें कोणास इजा झाली आणि न्यायालयानें भरपाईचा बोजा आपल्यावर टाकला, तर तो बोजा कंपनीनें उचलावा, यासाठीं मालक हप्ता भरी. करार दोघांचा होता, एका बाजूस मालक व दुसऱ्या बाजूस कंपनी. ज्याचा पाय मोडला तो या करारांत तिऱ्हाईत होता, आणि दोघांच्या करारावर तिसऱ्यानें दावा लावूं नये, हें तर इंग्रजी कायद्याचें जुनें सूत्र. म्हणून जखमी माणसाला प्रथम मालकावर फिर्याद करावी लागे, चालकाची हयगय सिद्ध करावी लागे, हुकूमनामा मिळवावा लागे, आणि इतकें करून मालकाच्या घरांत कांहीं निघालें तरच पैसा हातीं पडे. कंपनीच्या तिजोरींत पैसा असे, परंतु त्या तिजोरीची किल्ली त्याच्यापाशीं नसे.

या व्यवस्थेंतील अन्याय किती टोंकाला जाऊं शकतो, हें इंग्लंडांतील एका खटल्यानें उघड केलें. १९२८ च्या निकालसंग्रहांत तो प्रसिद्ध झाला आहे. एका व्यापारी कंपनीच्या मोटारीनें एका माणसास धक्का दिला. त्यानें दावा जिंकला, पण तोंवर त्या कंपनीचें दिवाळें निघालें. विमा कंपनीनें आपला शब्द पाळला आणि भरपाईची रक्कम लिक्विडेटरच्या हातीं दिली. हा पैसा माझ्या दुखापतीपोटीं आलेला आहे, तो मला द्या, असें जखमी माणसाचें म्हणणें होतें. अपील न्यायालयानें तें मानलें नाहीं. रक्कम दिवाळखोर कंपनीच्या एकंदर मालमत्तेंत जमा झाली आणि सर्व धनकोंनीं ती वांटून घ्यावी, असा निर्णय झाला. माल उधार देणारा व्यापारी आणि रस्त्यावर पडलेला माणूस हे दोघे एकाच रांगेंत उभे राहिले. कायद्याच्या दृष्टीनें निकाल बरोबर होता. म्हणूनच कायदा बदलणें भाग पडलें.

१९३० सालीं पार्लमेंटनें दोन कायदे केले. पहिल्यानें, विमेदार दिवाळखोर झाला तर कंपनीविरुद्धचे त्याचे हक्क थेट तिऱ्हाइताकडे जातात, असें ठरविलें. दुसरा रस्ते वाहतुकीचा कायदा. त्या अन्वयें १ जानेवारी १९३१ पासून तिऱ्हाइताच्या इजेबद्दलचा विमा उतरल्यावांचून गाडी रस्त्यावर आणणें गुन्हा ठरला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें अशी सक्ती १९२७ पासूनच अंमलांत आणली होती.

परंतु सक्तीनें विमा उतरला म्हणजे पैसा मिळालाच, असें नव्हे. विमापत्राच्या पाठीमागें बारीक अक्षरांत अटी असत. गाडी सुस्थितींत नव्हती, ठरल्याहून अधिक माणसें बसलीं होतीं, मालकानें अर्जांत खोटें लिहिलें होतें, अशा एखाद्या कारणावर बोट ठेवून कंपनी अंग काढून घेई. मालकाच्या चुकीची शिक्षा त्या चुकीशीं कांहींएक संबंध नसलेल्या माणसाला भोगावी लागे. १९३४ च्या कायद्यानें अशा बऱ्याच अटी तिऱ्हाइतापुरत्या निष्फळ केल्या. कंपनीनें आधीं हुकूमनाम्याप्रमाणें पैसे द्यावे, मालकाशीं काय भांडावयाचें तें मागाहून भांडावें, हें तत्त्व येथें प्रथम स्थिरावलें. राहिलीं तीं मुळींच विमा न उतरलेलीं वाहनें. त्यांनीं इजा केलेल्यांसाठीं विमाधंद्यानें १९४६ सालीं एक स्वतंत्र मंडळ स्थापन केलें.

हिंदुस्थानांतहि प्रश्न तोच होता. माणूस दुसऱ्याच्या हयगयीनें मेला तर त्याच्या बायकामुलांना भरपाई मागतां यावी, हा हक्क येथें १८५५ च्या कायद्यानें मिळाला. पेशवाई बुडून तेव्हां चार तपेंहि झालीं नव्हतीं, आणि मुंबई-ठाणें आगगाडी सुरू होऊन दोनच वर्षें झालीं होतीं. १९१४ च्या मोटार कायद्यानें गाड्यांची नोंदणी व चालकांचे परवाने आणले, पण विम्याची सक्ती केली नाहीं. ती १९३९ च्या कायद्याच्या आठव्या प्रकरणांत आली आणि तें प्रकरणहि १ जुलै १९४६ रोजीं, म्हणजे दुसरें महायुद्ध संपल्यावर, अंमलांत आलें. त्याचा सांचा ब्रिटिश कायद्याचाच होता. जखमी माणसानें मालकाविरुद्ध हुकूमनामा मिळविला कीं तो कंपनीनें फेडावा. कंपनीला बचाव मोजकेच ठेवले होते. चालकापाशीं परवाना नसणें, गाडी शर्यतींत वापरणें, परवानगीवांचून भाड्यानें चालविणें, महत्त्वाची गोष्ट दडवून विमा मिळविणें, असे ते होते.

या मोजक्या बचावांवरून लौकरच रण माजलें. दाव्याची सूचना मिळालेल्या एका विमा कंपनीचें म्हणणें असें पडलें कीं, पैसे जर आम्हांलाच भरावयाचे तर चालकाची चूक नव्हतीच, हेंहि आम्हांला सांगूं द्या. १९५९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें अमान्य केलें. कायद्यानें नेमून दिलेल्या बचावांपलीकडे कंपनीला स्वतःच्या नांवानें एक शब्दहि बोलतां येणार नाहीं, असा तो निर्णय होता. मात्र विमापत्रांत तशी सोय असेल तर कंपनी मालकाच्या नांवानें बचाव चालवूं शकते, हेंहि न्यायालयानें नमूद केलें. सामान्य वाहनमालकाला कोड्यांत टाकणाऱ्या एका अटीचा उलगडा येथें होतो. अपघातानंतर कंपनीच्या लेखी संमतीवांचून चूक कबूल करूं नये, तडजोड करूं नये, पैसे देण्याचें वचन देऊं नये, असें विमापत्र बजावतें. दावा मालकाच्या नांवानें लढविला जात असला तरी त्यामागें कंपनीची थैली असते, म्हणून मालकाच्या जिभेवर ती पहारा बसविते. रस्त्यावर पडलेल्याला उचलून रुग्णालयांत नेण्याच्या आड मात्र ही अट कधींच येत नाहीं.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हिशेब निराळा. तेथें मालक तिऱ्हाईत नसतो, तो करारांतील पक्षकार असतो, आणि म्हणून प्रत्येक अट त्याला बांधून असते. कंपनीला ताबडतोब कळविणें, सर्व्हेअर येऊन पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात न लावणें, जुन्या भागांची घट सोसणें, हें सारें त्यांतच आलें. दोन विमेदार गाड्या एकमेकींवर आदळल्या तर चूक कोणाची याचा कीस न काढतां ज्या त्या कंपनीनें आपापल्या गाडीची दुरुस्ती करावी, असा करार कंपन्यांनीं आपसांत केला होता. त्यांचा खर्च वांचे, पण निर्दोष मालकाचा हक्क त्यामुळें बुडतो काय? १९३६ सालीं इंग्लंडच्या अपील न्यायालयानें सांगितलें कीं, बुडत नाहीं. कंपन्यांच्या आपसांतील करारानें विमेदाराचा दुसऱ्या चालकावरील दावा संपत नाहीं. दोघांच्या करारानें तिसऱ्याला बांधूं नये, हें जुनें सूत्र या वेळीं कंपन्यांवरच उलटलें.

हक्क मिळाला, तरी तो बजावण्याची वाट लांबच होती. दिवाणी न्यायालयांत वर्षेंच्या वर्षें जात आणि कोर्टफीचा भार जखमीवर पडे. १९५६ च्या दुरुस्तीनें मोटार अपघात न्यायाधिकरणें निर्माण करण्याची तरतूद झाली, पण अर्जाला मुदत अवघी ६० दिवसांची होती. ज्या घरांतला कर्ता पुरुष गेला, त्या घरांत इतक्या दिवसांत रडें तरी ओसरतें काय? पुढें ती सहा महिन्यांची झाली, १९९४ सालीं अजिबात काढून टाकण्यांत आली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत परत आली. रकमेचीहि तीच कथा. १९३९ च्या कायद्यांत मालमोटारीबद्दल कंपनीवरील सक्तीची जबाबदारी २०,००० रुपयांपुरती होती. १९८८ च्या कायद्यानें मृत्यु व इजा यांपुरती ही कमाल मर्यादा काढून टाकली.

१९७३ च्या १ जानेवारीस सर्वसाधारण विम्याचें राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. सर दोराबजी टाटांनीं १९१९ सालीं मुंबईंत स्थापिलेली न्यू इंडिया ही त्या चारांपैकीं एक. परंतु कंपनी सरकारी झाली म्हणून तिचा वकील मवाळ झाला नाहीं. १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका खटल्यांत चालक इंजिन चालू ठेवून खालीं उतरला होता. मागें राहिलेल्या, परवाना नसलेल्या क्लीनरनें गाडी हांकली आणि एक स्त्री चिरडून मेली. परवाना नव्हता, म्हणून आम्ही सुटलों, असा कंपनीचा पवित्रा होता. न्यायालयानें विचारलें तें निराळेंच, अट मोडली ती मालकानें मोडली काय? त्यानें तर परवाना असलेला चालक नेमला होता. कंपनीला पैसे द्यावे लागले. अट मालकानें मोडलीच असली तरीहि कंपनीनें आधीं भरपाई द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊं शकतें, हें २००४ सालीं स्पष्ट झालें.

चूक सिद्ध करण्याचा भार मात्र दीर्घ काळ टिकला. १९८२ सालीं प्रथम, चूक कोणाचीहि असो, मृत्यूबद्दल १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये द्यावे, असें ठरलें. २०१९ च्या दुरुस्तीनें असा दावा मृत्यूबद्दल पांच लाख व जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपयांपर्यंत नेला. याहून अधिक मागावयाचें तर हयगय दाखवावी लागते आणि मग माणसाच्या आयुष्याचा हिशेब मांडावा लागतो. त्याची रीत २००९ व २०१७ च्या निकालांनीं ठरवून दिली आहे. समजा, ३८ वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, महिना २०,००० रुपये मिळविणारा गृहस्थ पत्नी व दोन मुलें मागें ठेवून गेला. वर्षाचे २,४०,००० रुपये, त्यांत पुढील वाढीचे शेंकडा ४० मिळविले कीं ३,३६,००० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा जातां २,२४,००० उरतात, आणि त्या वयाच्या १५ या गुणकानें गुणिलें असतां ३३,६०,००० रुपये येतात. हिशेब कोरडा आहे खरा, पण तो ठरलेला असल्यामुळें विधवेला कंपनीच्या दारांत घासाघीस करीत बसावें लागत नाहीं.

त्या गृहस्थाऐवजीं पत्नीच गेली असती तर? १९९४ च्या परिशिष्टानें न मिळविणाऱ्या पत्नीचें उत्पन्न पतीच्या एकतृतीयांश धरलें होतें. पहांटेपासून रात्रीपर्यंत घर चालविणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचें हें मोल सर्वोच्च न्यायालयाला २०१० सालीं खटकलें, आणि २०२१ च्या निकालानें गृहिणीच्या कामाला कमावत्या माणसाप्रमाणें पुढील वाढीचाहि हिस्सा मिळाला. विम्याच्या वादांतून घरकामाची किंमत न्यायालयांत मान्य व्हावी, हें कोणा विमातज्ज्ञाच्या स्वप्नांतहि आलें नसेल.

आतां कायदा कंपनीलाच पुढें यावयास सांगतो. अपघाताची माहिती मिळाल्यावर ३० दिवसांत तिच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानें तडजोडीची रक्कम देऊं करावयाची असते. ती पुरेशी असेलच असें नाहीं. दवाखान्याचीं बिलें थकलेल्या माणसाला आज मिळणारे थोडे पैसे उद्यांच्या पुष्कळ पैशांहून मोठे दिसतात, आणि ‘भरून पावलों’ या दोन शब्दांखालीं एकदां सही झाली कीं मागें फिरणें फार कठीण होतें. पंचनाम्याची नक्कल, उपचारांचे कागद आणि उत्पन्नाचा पुरावा हातीं असल्यावांचून ती सही न करणें हेंच शहाणपणाचें.

उरतो तो सर्वांत अनाथ दावेदार. ज्याला ठोकर देऊन गाडी पळून गेली, त्याला ना मालक ठाऊक, ना कंपनी. त्याच्यासाठीं मृत्यूबद्दल पूर्वी २५,००० रुपये मिळत, १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख मिळतात. रक्कम तोकडी आहे, परंतु तिच्या पोटांत शंभर वर्षांचा प्रवास सामावलेला आहे. त्या इंग्लिश खटल्यांत जखमी माणसाला, करारांत तुझें नांव नाहीं, असें सांगून परत पाठविलें गेलें. येथें तर करारच सांपडत नाहीं, आणि तरीहि तिऱ्हाइताचा हक्क मान्य झाला आहे.