गाजर गवताची कुळकथा

श्रोत्यांच्या नित्य परिचयाचे गाजर गवत हे गवतही नव्हे आणि गाजरही नव्हे. पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली, एवढ्यावरून लोकांनी त्याला हे नाव दिले. वनस्पतिशास्त्र त्याची गणना शेवंती, झेंडू व सूर्यफूल यांच्या कुलात करते. कणीएवढे दिसणारे त्याचे प्रत्येक पांढरे फूल हा वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो. त्या शुभ्रतेवरून कोणी त्याला चटक चांदणी म्हटले, तर कोणाला त्यात पांढरी टोपी दिसली आणि 'काँग्रेस गवत' हे नाव रूढ झाले. या नावाबरोबर एक आरोपही लोकांच्या तोंडी बसला. अमेरिकेच्या गव्हाबरोबर हे संकट भारतात आले, असा तो आरोप होय.

आरोपाला आधार नव्हता असे नाही. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील, मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातील. लिनियसने 1753 मध्ये तिचे शास्त्रीय नामकरण केले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेतील आर. एस. राव यांना ती 1955 मध्ये पुण्यात आढळली, आणि 1956 मध्ये भारतातील नवी नोंद म्हणून त्यांनी ती प्रसिद्ध केली. पी. एल. 480 हा अमेरिकी कायदा 1954 चा असला, तरी त्याखाली भारताशी पहिला करार ऑगस्ट 1956 मध्ये झाला. म्हणजे पुण्यातील रोप या कराराच्या आधीचे ठरते. तथापि 1951 मध्येही भारताने अमेरिकेकडून धान्यासाठी कर्ज घेतले होते. त्यामुळे केवळ तारखांच्या बळावर गव्हाला निर्दोष ठरविता येत नाही.

परंतु या खटल्यात एक जुना साक्षीदार आहे. रॉक्सबर्ग यांनी तयार केलेली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील झाडांची यादी 1814 मध्ये प्रसिद्ध झाली. ती छापून घेणारे विल्यम केरी म्हणजे 1805 मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे श्रीरामपूरचे मिशनरी. त्या यादीत या वनस्पतीचे नाव आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत तिचा 1880 सालचा वाळविलेला नमुनाही आहे. अर्थात गव्हाची जहाजे येण्याच्या कितीतरी आधी ती या देशात पोहोचली होती. पुढे धान्यातून आणखी बी आले असेल; पण पहिल्या प्रवेशाचा दोष त्या धान्यावर ठेवता येत नाही.

गव्हाच्या शेतात रात्री वैऱ्याने निदण पेरल्याचा दृष्टान्त ख्रिस्ताने सांगितला. तेथे पेरणारा वैरी ठाऊक होता. येथे वैऱ्याचा शोध घेण्यातच लोकांचा बराच काळ गेला, आणि तण मात्र वाढत राहिले. एक झाड 15 हजारांहून अधिक बिया धरू शकते. त्या वाऱ्याने, पाण्याने आणि वाहनांच्या चाकांबरोबर दूरवर जातात. तणातील पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या रोपांची वाढ खुंटविते. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. रस्ते, रूळ, कालवे आणि वसाहती यांसाठी जेथे जेथे जमीन उघडी पडली, तेथे तेथे त्याला आयतेच अंगण मिळाले.

त्याची किंमत माणसांनी अंगावर भोगली. या तणाच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचारोगाचे वर्णन 1974 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढच्याच वर्षी कर्नाटकाने कायद्याने त्याला उपद्रवी तण ठरविले. 1983 मध्ये त्याच्याच मायदेशातून, मेक्सिकोहून, त्याची पाने खाणारा भुंगेरा बंगळूरला आणण्यात आला आणि परीक्षेनंतर सोडण्यात आला. पावसाळ्यात तो तणाचा फडशा पाडतो. परंतु कोरड्या दिवसांत तो जमिनीत निपचित पडून राहतो, आणि तण पुन्हा डोके वर काढते.

म्हणून माणसाचे काम संपत नाही. फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून रोप मुळासकट उपटणे हाच आजही साधा उपाय आहे. उपटलेल्या जागी टाकळ्यासारखी जोमदार झाडे वाढू दिली, तर तणाला पाय रोवणे कठीण जाते. बी कोणत्या देशातून आले याचा निवाडा इतिहासाने करावा. ते बांधावर उभे आहे तोवर उपटण्याची जबाबदारी मात्र त्या बांधाच्या धन्याचीच राहते.