एका रहस्यकथेचा प्रवास : पुस्तकातून मोबाईलपर्यंत



‘गुमनाम’ हा जुना सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी टीव्हीवर पाहिला असेल. अनोळखी ठिकाणी अडकलेली माणसं आणि एकामागून एक होणारे खून. १९६५ सालच्या या सिनेमाचे दिग्दर्शक होते राजा नवाथे. गोष्टीचं मूळ मात्र अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीत आहे.

ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात दवाखान्यात औषधं देण्याचं काम करत होत्या. विषांची माहिती त्यांना तिथेच झाली आणि पुढे लिहिताना कामी आली. १९३९ साली त्यांची ही कादंबरी आली. दहा माणसं एका बेटावर येतात, बोलावणारा कुठेच नाही, आणि एकेक जण मरत जातो. शेवटी कुणीच उरत नाही. १९४३ मध्ये याच गोष्टीचं नाटक झालं, तेव्हा बाईंनी स्वतःच शेवट बदलला आणि दोघांना जिवंत ठेवलं.

आता अमेरिकेत जाऊ. रोबर्टा विल्यम्स ही २७ वर्षांची गृहिणी, पदरात दोन मुलं. नवरा केन कॉम्प्युटरचं काम करायचा. त्या काळातल्या साहसी गेममध्ये चित्र नसायचं, पडद्यावर नुसती अक्षरं. रोबर्टाला असा एक गेम खेळायला मिळाला आणि वेडच लागलं. चित्रं असती तर किती बहार येईल, असं तिच्या मनात आलं. ख्रिस्तीबाईंची ती कादंबरी डोळ्यांपुढे ठेवून तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले आणि एका जुन्या घराचा नकाशा काढला. कुठल्या खोलीत काय सापडेल, कोण कधी मरेल, हे ठरवलं. सत्तरच्या वर साधी रेघांची चित्रं काढली. केनने ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलं.

१९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’ बाजारात आला. साहसी गेममध्ये चित्रं आली ती याच गेमपासून. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विकलेला हा गेम दहा हजारांवर खपला, आणि त्यातून नवराबायकोची मोठी कंपनी उभी राहिली.

पुस्तकाचा गेम करताना नेमकं काय बदलतं? पुस्तकात गुप्तहेर शोधतो, आपण मागून चालतो. गेममध्ये दार आपणच उघडायचं, चिठ्ठी आपणच वाचायची, संशय आपणच घ्यायचा. म्हणून प्रत्येक खूण खेळणाऱ्याला सापडेल अशी ठेवावी लागते. दुसरी अडचण म्हणजे पुस्तक वाचलेल्याला खुनी आधीच माहीत असतो! २००५ साली याच कादंबरीवर अधिकृत गेम निघाला. त्यात नावाड्याला अकरावं पात्र केलं आणि खुनीसुद्धा बदलला.

हे आज का सांगते? इथे जुळे सोलापुरात काय आणि तुमच्या गावात काय, घरातला मोबाईल गेमसाठी आधी मुलाच्या हातात जातो. मुलीला म्हणतात, तुला काय कळतंय त्यातलं? पण या खेळाचा पाया दोन बायकांच्या डोक्यातून आला. एकीने गोष्ट रचली, दुसरीने तिचा खेळ केला. या गेमचं प्रोग्रॅमिंग काही दुसरीने केलं नव्हतं. तिच्याकडे कागद, पेन्सिल आणि कल्पना होती.

गोष्टींचा तर आपल्याकडे तोटा नाही. बाबुराव अर्नाळकरांनी मराठीत हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं घरातल्या जुन्या माणसांना विचारून बघा. आणि कोडी घालण्यात तर आपल्या आज्यांचा हात कुणी धरला नसता.

गटाच्या पुढच्या बैठकीत पोरींनाही बोलवा. एका वाड्याचा नकाशा काढा : ओसरी, माजघर, बळद, परसातली विहीर. हरवलेली वस्तू ठरवा. पाच जागी पाच खुणा लपवा, अशा की एक सापडल्याशिवाय दुसरीचा अर्थ लागू नये. मग शेजारच्या गटाला खेळायला द्या आणि त्या कुठे अडतात ते बघा. अडतील तिथे खूण सोपी करा. रोबर्टाची सुरुवातही अशीच कागदावर झाली होती.