अज्ञान, सज्ञान आणि कर्ता

महाराष्ट्रातील कोणत्याही गावाचा जुना सातबारा उतारा पाहावा. एखादा खातेदार लहान मुले मागे ठेवून गेला असेल, तर त्या मुलांच्या नावांपुढे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे आणि त्यांच्या पुढे आईचे किंवा चुलत्याचे नाव आढळते. 'अज्ञान पालन कर्ता' असा त्या अक्षरांचा अर्थ. मूल अठरा वर्षांचे झाले की तलाठ्याकडे अर्ज द्यावयाचा, फेरफार करून घ्यावयाचा आणि तो शेरा कमी करून घ्यावयाचा, अशी रीत आहे. वयाच्या या उंबरठ्याला आपल्या भाषेने दिलेले शब्द मोठे सूचक आहेत. उंबरठ्याच्या अलीकडचा तो 'अज्ञान', पलीकडचा तो 'सज्ञान'. आणि ज्याच्या शब्दावर घर चालते तो 'कर्ता'. पहिल्या दोन शब्दांमधील अंतर कायद्याने मोजता येते. १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने ते अठरा वर्षांवर ठरवले, आणि न्यायालयाने पालक नेमला असल्यास एकवीस वर्षांवर. ही दुसरी मर्यादा १९९९ मध्ये रद्द झाली. सज्ञानाचा कर्ता केव्हा होतो, हे मात्र कोणताही कायदा सांगत नाही. त्याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते.

हा विचार पुन्हा मनात आला तो म्हैसूरजवळच्या हेब्बाळ येथे. शहराच्या वायव्येला असलेले हे जुने तळ्याकाठचे गाव आता औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. 'इन्फोसिस'चे विस्तीर्ण प्रशिक्षणकेंद्र येथेच आहे. त्यातील दुसऱ्या शिक्षणसंकुलाचे उद्घाटन २००९ मध्ये झाले. देशभरातून, आणि अर्थात महाराष्ट्रातूनही, एकवीस-बावीस वर्षांची मुलेमुली पदवीचा कागद घेऊन येथे येतात. बहुतेकांचे हे पहिले वेतन असते आणि घरापासून दूर असे पहिलेच वास्तव्य. राहणे, जेवण, वर्ग, खेळ, सारे कुंपणाच्या आत. कायद्याने ही सारी मंडळी सज्ञान. तरीही त्यांच्या भोवतीची व्यवस्था पालकाची असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये, ठरलेली परीक्षा तीन प्रयत्नांतही उत्तीर्ण न झालेल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना येथून परत जावे लागले, तेव्हा या पालकत्वाची दुसरी बाजूही दिसली. घडवण्याचा अधिकार ज्याने घेतला, त्याचे उत्तरदायित्व कोठे संपते? हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच म्हैसुरात, आणि त्याआधी आपल्या कोल्हापुरात, तो राजकुमारांच्या संदर्भात विचारला गेला होता. या दोन नगरांना जोडणारा एक माणूसही होता.

कथेचा आरंभ कोल्हापूरच्या एका अपयशाने होतो. १८६३ साली जन्मलेल्या एका मुलास १८७१ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेण्यात आले. तेच चौथे शिवाजी. त्याच १८६३ साली कवळाणे गावी जन्मलेला दुसरा एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. दोघांचे वय एक, दैवयोग एक, दोघांवरही देखरेख इंग्रजांची. सयाजीरावांना डिसेंबर १८८१ मध्ये मुखत्यारी मिळाली. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना मात्र वेडे ठरवून कोंडून ठेवण्यात आले. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात, २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय वाढले, पण ज्यांच्या हाती ते वाढवण्याचे काम होते, त्यांनी त्या तरुणास माणूस म्हणून वाढू दिले नाही. पालकत्वाची याहून दारुण परिणती क्वचितच आढळेल.

या प्रकरणाला मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही स्थान आहे. 'केसरी' आणि 'मराठा' या तरुण पत्रांनी महाराजांच्या छळाबद्दल कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. त्यासाठी आधार मानलेली पत्रे बनावट ठरली. आगरकर आणि टिळक यांनी क्षमा मागितली, तरी खटला चालला आणि १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांना त्याच आठवड्यात सव्वीस वर्षे पूर्ण झाली होती. टिळकांना ती पुढच्या आठवड्यात, तुरुंगातच पूर्ण झाली. या कैदेतून 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हे आगरकरांचे पुस्तक जन्मले. आपल्या समीक्षेने ते बहुधा देशभक्तीचे किंवा विनोदाचे उदाहरण म्हणून वाचले. मला ते आणखी एका अर्थाने महत्त्वाचे वाटते. हेतू शुद्ध असतानाही हाती आलेला पुरावा खोटा निघू शकतो, आणि छापलेल्या शब्दाची किंमत लिहिणाऱ्यालाच मोजावी लागते, हे दोन बुद्धिमान तरुण येथे शिकले. एका अज्ञान राजाचा कैवार घेता घेता ते स्वतः कर्ते झाले.

अशा पोळलेल्या गादीवर १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक आला. त्याचे नाव शाहू ठेवण्यात आले. आई पूर्वीच गेलेली. वडील आबासाहेबही १८८६ मध्ये गेले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात काही वर्षे काढल्यावर पुढचे शिक्षण धारवाडात झाले, आणि तेथे स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर हे सनदी अधिकारी शिक्षक म्हणून लाभले. आधीच्या शोकांतिकेनंतर सरकारही सावध झाले होते. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यकारभार यांबरोबर देशभर प्रवास, घोडदौड, शिकार, कुस्ती असा तो अभ्यासक्रम होता. २ एप्रिल १८९४ रोजी, विसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, शाहूंना राज्याधिकार मिळाले.

राज्यारोहणाच्या त्या दिवशी शाहू सज्ञान झाले. कर्ते झाले ते मात्र पुढील आठ वर्षांत. १८९६ चा दुष्काळ आला, पाठोपाठ प्लेग आला. स्वस्त धान्याची दुकाने, निराधारांसाठी आश्रय, गावोगावची पाहणी, हा धडा धारवाडच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर, आपल्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, हे त्यांना कळले. अपमान वैयक्तिक होता, आणि तो वैयक्तिक ठेवून हट्टाने फेडून घेणे सत्ताधीशाला सोपे होते. पौरोहित्याचा वाद त्यांनी लढवलाच. परंतु तेवढ्यावर न थांबता, राजाची ही अवस्था तर प्रजेची काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला, असे त्यांच्या कृतींवरून दिसते. १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहू लागली. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम निघाला. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. स्वतःच्या जखमेतून दुसऱ्याचे दुःख ओळखणे, हीच पोरवय संपल्याची खरी खूण होय.

येथे इतिहासाने एक कठोर विरोधाभास मांडून ठेवला आहे. ज्या टिळकांनी चौथ्या शिवाजींसाठी कारावास सोसला, तेच वेदोक्त प्रकरणात शाहूंच्या विरोधात उभे राहिले. टिळकांची भूमिका येथे तपासावयाची नाही. पण असहाय अज्ञानाचा कैवार घेणे एक वेळ सोपे असते. त्याच गादीवरचा सज्ञान पुरुष स्वतःच्या बुद्धीने, आणि आपल्याला न रुचणारा निर्णय घेऊ लागला की तो मान्य करणे भल्याभल्यांना कठीण जाते. घराघरांतील वडीलधाऱ्यांना हा अनुभव परका नाही.

आता म्हैसूरकडे वळू. २८ डिसेंबर १८९४ रोजी म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र कलकत्त्यात घटसर्पाने वारले. थोरला मुलगा दहा वर्षांचा. तोच पुढे नाल्वडी, म्हणजे चौथे, कृष्णराज वडियार म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या वतीने राज्य चालवण्याची जबाबदारी विधवा महाराणी केंपनंजम्मण्णी यांच्यावर आली. त्याही तेव्हा तिशीच्या आतच होत्या. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्यासारखा अनुभवी प्रशासक सोबतीला असला, तरी शेवटचे उत्तरदायित्व त्यांचे होते. १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा जळाला, पुढच्याच वर्षी प्लेग आला. त्याच काळात मारिकणिवेचे मोठे धरण सुरू झाले आणि शिवसमुद्रमचा जलविद्युत प्रकल्पही उभा राहिला. मुलाला वाढवणारी ही आई त्याचे राज्यही वाढवत होती.

१८९६ मध्ये त्या मुलाचे शिक्षक म्हणून आले तेच फ्रेझर, ज्यांनी धारवाडात शाहूंना शिकवले होते. येथेही त्यांनी एकट्या राजकुमाराला न शिकवता मोजक्या मुलांचा वर्ग चालवला. त्या वर्गात मिर्झा इस्माईल नावाचा एक मुलगा होता. हाच वर्गमित्र १९२६ मध्ये म्हैसूरचा दिवाण झाला आणि १९४१ पर्यंत त्या पदावर राहिला. राजाला बरोबरीच्या सोबत्याची गरज असते, हे ज्याने ओळखले त्याने मोठीच गोष्ट ओळखली. ८ ऑगस्ट १९०२ रोजी व्हाइसरॉय कर्झन यांच्या हस्ते अठरा वर्षांच्या कृष्णराजांना राज्याधिकार मिळाले आणि महाराणींनी सत्ता मुलाच्या स्वाधीन केली. कोल्हापूरचा राखीव जागांचा हुकूम निघून तेव्हा अवघे तेरा दिवस झाले होते.

पुढील तपशील तोलून पाहण्याजोगा आहे. शाहूंनी राधानगरीचे धरण हाती घेतले. कृष्णराजांच्या काळात १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. शाहूंनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम आरंभला. म्हैसूरला १९१६ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. १९१८ मध्ये कृष्णराजांनी मागास वर्गांच्या प्रतिनिधित्वासाठी मिलर समिती नेमली. त्याच प्रश्नावरील मतभेदातून विश्वेश्वरय्यांसारखा दिवाण बाजूला झाला. सर्वांत कर्तबगार सहकाऱ्याला मुकण्याची किंमत देऊनही आपला निर्णय निभावणे, हेही कर्तेपणच. पुढे दोघांच्याही नावामागे 'राजर्षी' हे एकच विशेषण लागले; शाहूंना ते कानपूरच्या कुर्मी क्षत्रियांनी दिले, कृष्णराजांना गांधीजींनी.

मग हे श्रेय फ्रेझर यांचे म्हणावे काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. साम्राज्याला आज्ञाधारक राजे हवे होते आणि शिक्षक त्यासाठीच नेमले जात. राखीव जागा किंवा वसतिगृहे हा त्या अभ्यासक्रमाचा भाग नव्हता. चांगल्या शिक्षकाने दिलेल्या गोष्टी दोनच : निरीक्षणाची सवय आणि ठरलेल्या वेळी दूर होण्याची तयारी. बाकीचे काम दुष्काळाने, प्लेगने, घाटावरच्या अपमानाने आणि अकाली आलेल्या पितृवियोगाने केले. चौथ्या शिवाजींच्या वाट्याला आले नाहीत ते हेच दोन गुण. त्यांच्यावर सतत पहारा होता. पण त्यांच्यावर विश्वास कोणी टाकला नाही.

आपल्या कादंबरीने तरुण मनाचे जे चित्रण केले, त्यातही हाच पेच आहे. 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकून गावी परततो. त्याच्या वाट्याला शिक्षण येते, मोकळीक येते. परंतु ज्यासाठी आपण उत्तरदायी आहोत असे काही हाती लागत नाही. गेल्या साठ वर्षांतील मराठी तरुणाने त्या पुस्तकात स्वतःला ओळखले, ते उगीच नव्हे. राजकुमारांना राज्य आयते मिळाले होते. सांगवीच्या मुलाला स्वतःचे राज्य शोधावयाचे होते.

हेब्बाळहून त्याच दिशेने पुढे गेले की कृष्णराजसागर येतो. सुटीच्या दिवशी प्रशिक्षणकेंद्रातील मुले तेथे जातात, छायाचित्रे काढतात, संध्याकाळी परततात. ज्याच्या नावाचे ते धरण, त्याला त्यांच्याहून लहान वयात राज्य मिळाले होते, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. पण त्यांच्यातील कोणी पहिल्या पगारातून गावाकडचे कर्ज फेडत असतो, कोणी धाकट्या बहिणीचे शुल्क भरत असतो. आणि परीक्षेत मागे पडून परत जाणारा एखादा, घरी काय सांगावे, याचा विचार करीत असतो. त्याच्या नावापुढचा 'अ. पा. क.' हा शेरा तलाठ्याने केव्हाच कमी केलेला असतो. घरी जाऊन तो खरे सांगेल, आणि ऐकणारे त्याला पुन्हा अज्ञान ठरवणार नाहीत, तर त्या घरातही एक मुखत्यारी दिली जाईल. तिला दरबार लागत नाही.