खासगीचे धन

अपार संपत्ती आणि सौजन्य ही दोन्ही एका घरी नांदू शकतात काय, हा प्रश्न केवळ नीतिशास्त्राचा म्हणून मांडला की त्याची चर्चा लौकरच निष्फळ होते. एक पक्ष दानशूरांची नावे सांगतो. दुसरा त्या दानामागील अर्जनाकडे बोट दाखवितो. आणि दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. इतिहासाच्या अभ्यासकाची येथे थोडी सोय आहे. त्याला कोणाच्या अंतःकरणात डोकावावयाचे नसते. माणसाने द्रव्य कोठून घेतले, कोठे खर्चिले आणि हाताशी असूनही कशाला शिवला नाही, एवढेच त्याला पाहावयाचे असते. इंदूरच्या रहिवाशाला त्यासाठी गाव सोडून जाण्याचेही कारण नाही.

होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन स्पष्ट विभाग होते. फौज, मुलूखगिरी आणि राज्यकारभार यांचा खर्च दौलतीकडे. खासगीचे उत्पन्न मात्र घराण्यातील मुख्य स्त्रीचे. मल्हाररावांच्या विनंतीवरून पहिल्या बाजीराव पेशव्यांनी 1734 मध्ये ही व्यवस्था गौतमाबाईंच्या नावे करून दिली. गौतमाबाई 1761 मध्ये वारल्या आणि खासगी अहल्याबाईंकडे आली. पुढे 1766 मध्ये मल्हारराव आणि 1767 मध्ये मालेराव गेल्यावर दौलतीचे सूत्रही त्यांच्याच हाती आले. बाईंच्या संचयाचे जे आकडे लोकांच्या बोलण्यात असतात ते सोळा कोटींपर्यंत चढतात. तो आकडा मी आधाराला घेत नाही. परंतु त्या काळच्या हिंदुस्थानातील अत्यंत धनाढ्य व्यक्तींत त्यांची गणना करण्यास हरकत नसावी.

हे धन निर्मळ होते असे म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. माळव्यातील महाल तलवारीच्या जोरावर आलेले होते. चौथाई कोणी हौसेने देत नसे. खासगीचा वसूल शेतकऱ्याच्या खळ्यावरूनच येई. तेव्हा बाईंची थोरवी त्यांच्या द्रव्याच्या उगमात शोधणे व्यर्थ होय.

ती त्यांच्या दानात शोधण्याची आपली रीत आहे. काशीविश्वेश्वराचे 1780 मधील मंदिर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे ही यादी शाळेतील मुलांनाही पाठ असते आणि ती येथे पुन्हा देण्याचे कारण नाही. माझ्या मते मात्र धनवंताला देणे तितकेसे अवघड नसते. दिल्याने कीर्ती होते, पुण्य लाभते, आणि मूळ राशीला फारसा धक्काही लागत नाही. अवघड असते ते घेता येण्याजोगे असूनही न घेणे. अहल्याबाईंच्या चरित्रातील या बाजूच्या गोष्टी थोड्या आहेत, पण मला त्या काशीच्या कळसाहून अधिक मोलाच्या वाटतात.

सर जॉन माल्कमने 1823 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानाविषयीच्या ग्रंथात त्यांतील काही नोंदविल्या आहेत. बाईंच्या मृत्यूला तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती; त्यांना पाहिलेली माणसे हयात होती. एवढी स्तुती ऐकून माल्कमला आधी संशय आला, म्हणून त्याने निरनिराळ्या थरांतील लोकांकडे चौकशी केली, आणि त्याचा आदर वाढतच गेला. तो सांगतो की, इंदूरचा एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. तुकोजीराव होळकरांचा तळ त्या वेळी शहराजवळच होता, आणि कोणा हितसंबंधी मंडळींच्या सांगण्यावरून त्यांनी त्या मालमत्तेत वाटा घेण्याचे मनात आणले. निपुत्रिकाच्या धनावर सरकारची नजर जाणे त्या काळी मुळीच नवलाचे नव्हते. सावकाराची विधवा तडक महेश्वरास गेली. बाईंनी तिची हकीकत ऐकून घेतली, वस्त्रे देऊन पतीच्या घराची व मिळकतीची ती एकटीच मालकीण असल्याचे मान्य केले, आणि तुकोजीरावांना हुकूम पाठविला की तळ इंदूरपासून दूर न्यावा आणि शहराला उपद्रव देऊ नये. तुकोजीरावांनी तो निमूटपणे पाळला.

दुसरी गोष्ट दत्तकाची. एका धनिक विधवेने दत्तक घेण्यास परवानगी मागितली तेव्हा भारी नजराणा घेतल्यावाचून ती देऊ नये असा सल्ला कारभाऱ्यांनी दिला. बाईंनी नजराणा न घेता परवानगी दिली. खरगोणच्या दोघा सावकार बंधूंच्या विधवांनी तर आपले सर्व धन आपण होऊन त्यांच्यापुढे ठेवू केले. तेही त्यांनी घेतले नाही. ते धन तुम्हीच लोकोपयोगी कामाला लावा, असे त्यांनी सुचविले, आणि त्यातून तेथील नदीचा घाट व गणपतीचे देऊळ उभे राहिले. अशा कथांना तोंडातोंडी चालताना थोडाफार मुलामा चढतोच, हे मान्य केले पाहिजे. तथापि या साऱ्या कथांचा रोख एकच असावा, आणि तो दानाचा नसून संयमाचा असावा, हे लक्षणीय आहे. बाईंची स्तुती करणारा ग्रंथ एका ब्राह्मणाने रचून आणला असता त्यांनी तो नर्मदेत टाकावयास लावला, हीही माल्कमचीच नोंद. आश्रित कवींना पोसणाऱ्या आपल्या परंपरेला ती काहीशी झोंबणारी आहे!

या सौजन्याची किंमत कोणी दिली, हाही प्रश्न टाळता येणार नाही. मोहिमांवर असलेले तुकोजीराव खर्चासाठी पैसे मागत आणि बाई हिशेब मागत, वा. वा. ठाकूर यांनी संपादिलेल्या होळकरशाहीच्या साधनांत हा ताण वाचकाला पदोपदी जाणवतो. खासगीचे धन धर्माकडे लागलेले असल्याने ते फौजेकडे वळवावयाचे नाही, हा बाईंचा बाणा होता. 1793 मध्ये लाखेरीस शिंद्यांच्या कवायती फौजेने होळकरांचा मोड केला तेव्हा या बाण्याला दोष देणारे निघाले असतील तर त्यांना सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. पगार थकलेल्या शिपायाला दूरच्या घाटाच्या पायऱ्यांचे काय कौतुक? माझा कौल तरीही बाईंकडे आहे. हिशेब मागणाऱ्या धन्याचा राग येतो. हिशेब नसलेल्या धन्यामुळे मात्र मुलूख लुटला जातो, आणि बाईंच्या पश्चात थोड्याच वर्षांत माळव्याने ते पुरेपूर अनुभवले.

विसाव्या शतकातील इंदूरचे कुबेर म्हणजे सर सेठ हुकुमचंद (1874–1959). अफू आणि कापूस यांच्या सट्ट्यात त्यांनी अलोट पैसा मिळविला, गिरण्या काढल्या आणि इतवारिया बाजारात काचमंदिर बांधले. 1918 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरले तेव्हा दक्षिणेतील हिंदीप्रचारासाठी होळकर सरकारने आणि शेटजींनी प्रत्येकी दहा हजार रुपये दिले. हे दान खरे आणि उपयोगीही ठरले. मात्र सट्ट्यात एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा असतो, आणि त्या दुसऱ्याचे नाव कोणत्याही शिलालेखावर कोरले जात नाही. शेटजींच्या नावाची कापडगिरणी त्यांच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी, 1991 मध्ये, बंद पडली. तिच्या कामगारांच्या 224 कोटी रुपयांच्या थकबाकीची वाट मोकळी होण्यास डिसेंबर 2023 उजाडावा लागला. तोवर त्यांतील कित्येक मृत्यू पावले होते. हा दोष शेटजींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु देणे आधी की दान आधी, हा प्रश्न त्या धुराड्याकडे पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही.

खासगीची कथाही अद्याप पुरती मिटलेली नाही. 1948 मध्ये होळकरांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले, आणि बाईंच्या देवस्थानांच्या व धर्मादायांच्या व्यवस्थेसाठी 1962 मध्ये न्यास स्थापन झाला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटावरील मिळकतीच्या विक्रीवरून वाद पेटला. न्यासाच्या ताब्यातील 246 मिळकती सरकारच्या, असे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने 2020 मध्ये म्हटले. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सार्वजनिक न्यास असल्याचे ठरवून त्याची कायद्याप्रमाणे नोंदणी करण्यास फर्माविले. म्हणजे खासगीच्या मिळकतींचा हिशेब आता सार्वजनिक न्यासांच्या निबंधकापुढे ठेवावयाचा आहे.