‘अनरूली’ कोणाला म्हणायचं?

आज आपण एका इंग्रजी विशेषणापासून सुरुवात करू : ‘अनरूली’. शाळेत वाक्यात उपयोग करायला सांगितला की आपण लिहितो, ‘वर्गातली मुलं अनरूली आहेत.’ मराठीत बेशिस्त, दांडगट, जुन्या भाषेत पुंड. पण या शब्दाच्या पोटात ‘रूल’ आहे, आणि रूल म्हणजे नियमही आणि राज्यही. जमावाला अनरूली म्हटलं, की तो नियम मोडतोय का राज्य नाकारतोय, हा प्रश्नच झाकला जातो.

आपल्या साताऱ्याकडेच पाहू. तेव्हा आजच्या सांगलीचा बराच भाग त्यात होता. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. राज्यकर्त्यांच्या वाक्यात असा जमाव अनरूली. गावाच्या वाक्यात ते हुतात्मे.

पुढे 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. त्यांच्या दलाचं नावच तुफान सेना! पण राज्य नाकारणारी ही माणसं नियम करत होती : गावात न्यायनिवाडे, दारूबंदी, कमी खर्चाची लग्नं. शिक्षा कठोरही असत, हे आपण लपवू नये. तेही तपासायचं तर कोणी, कोणाला, कशासाठी काय केलं, हे विचारावं लागतं. म्हणजे क्रियापद लागतं. विशेषणानं भागत नाही.

विशेषण जन्माला चिकटलं तर काय होतं? 1871 च्या कायद्यानं कित्येक जमातींना अख्ख्याच्या अख्ख्या ‘गुन्हेगार’ ठरवलं. कृती न पाहता पाळण्यातल्या पोरावर शिक्का बसला. 1952 मध्ये तो कायदा गेला. लोकांच्या तोंडातला शब्द मात्र सहजी गेला नाही.

आणि हे कोयनानगर. इथल्या धरणासाठी माणसं उठली, पांगली, आणि पुनर्वसनासाठी पुन्हा इथंच ठिय्या देऊन बसली. रस्त्यावर बसलेल्यांना बेशिस्त म्हणणं सोपं असतं. पण मग विचारायला हवं : त्यांना दिलेला शब्द ज्यांनी पाळला नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडं कोणतं विशेषण आहे?

तेव्हा, मित्रहो, असा शब्द कानावर आला की आपण एवढंच करू. वाक्याचा कर्ता कोण ते पाहू, आणि क्रियापद मागू.