पाबळ: चिक्कीपासून लेझरपर्यंत

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे कायम पाणीटंचाई असलेलं गाव. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर जगातली पहिली 'फॅब लॅब' २००२ साली इथल्या विज्ञान आश्रम या शिक्षणसंस्थेत सुरू झाली. फॅब लॅब म्हणजे लेझर कटर, मिलिंग यंत्र अशी संगणकावर चालणारी यंत्रं असलेली कार्यशाळा. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांनाही सांगावी लागते.

आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग मुळात अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट, मग म्हैसूरची केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था (सीएफटीआरआय), नंतर हिंदुस्तान लिव्हरचं संशोधन केंद्र. ती खुर्ची सोडून १९८३ साली ते पाबळला आले. हातानं काम करत शिकावं, हा विचार नवा नव्हता; वर्ध्याला १९३७ सालीच गांधीजींची 'नई तालीम' मांडली गेली होती. कलबागांनी तिला आधुनिक यंत्रांची आणि रोख हिशेबाची जोड दिली. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि प्रत्येक मुलाला चारही करायचे. मुलगा असो की मुलगी, वेल्डिंगही करायचं आणि चिक्कीही.

ही चिक्की म्हणजे गंमत नव्हे. शेंगदाणे किती, गूळ किती, पाक किती तापला, गॅस किती जळला आणि मजुरी किती लागली, हे सगळं मांडून नगाची किंमत काढायची. पाक पुढे गेला की चिक्की दाताला चिकटते की कडक होते, हे रसायनशास्त्र तिथे जिभेवर कळतं. शाळांसाठी आश्रमानं तयार केलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या अभ्यासक्रमातही हीच रीत आहे.

तिकडे, फॅब लॅबची कल्पना जिथून निघाली त्या एमआयटीत, प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ साली '(जवळजवळ) काहीही कसं बनवावं' हा वर्ग काढला. दहाएक संशोधकांसाठी काढलेल्या वर्गाला शंभरेक विद्यार्थी लोटले, त्यांत कलाकार होते, वास्तुविशारद होते. एकीनं तर किंकाळी साठवून हवी तेव्हा सोडणारी पिशवी बनवली. काम अडलं की हवं ते कौशल्य शिकायचं आणि लगेच दुसऱ्याला शिकवायचं, असा तिथला शिरस्ता पडला. पाबळच्या मुलांना तो वेगळा समजावून सांगावा लागला नसणार.

खाद्यपदार्थ अशा यंत्रांखाली आले ते थोड्या वर्षांनी. २००६ च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठातून 'फॅब ॲट होम' हा खुल्या आराखड्यांचा थ्रीडी प्रिंटर निघाला. त्यात प्लॅस्टिकच्या तारेऐवजी सिरिंज होती. मग तिच्यात चॉकलेट, चीज, केकवरचं आयसिंग भरून लोक थर चढवू लागले. पाठोपाठ 'कँडीफॅब' आला. त्यात साखरेच्या थरावर गरम हवा सोडून हवा तेवढाच भाग वितळवून घट्ट करत. वर्तमानपत्रांनी याला उद्याचं स्वयंपाकघर म्हटलं, ते जरा जास्तच झालं. शिकवण्याच्या दृष्टीनं मात्र हा माल नामी आहे: साखर स्वस्त, दाट-पातळपणाचा फरक डोळ्यांना दिसतो, आणि आयसिंग ढासळलं की वेग, दाब किंवा पाककृती यांपैकी काय चुकलं हे शोधावंच लागतं.

साच्याचा धडाही असाच. संगणकावर आकृती काढायची, मिलिंग यंत्रानं मेणाच्या ठोकळ्यात ती कोरायची, त्यावर खाद्ययोग्य सिलिकॉन ओतायचं. ते घट्ट झालं की सोलून काढायचं आणि त्यात वितळलेलं चॉकलेट भरायचं. कोपरा उभा ठेवला तर वडी निघताना तुटू शकते. थोडा उतार दिला की सुटते. साच्याच्या कारखान्यातला हा नियम मुलाला दुपारभरात उमगतो.

पाबळच्या लॅबला मात्र अशा चोचल्यांना फुरसत नव्हती. दुधाची प्रत मोजणं, डिझेल इंजिनाचं ट्यूनिंग, असे प्रश्न गावच पुढे करत होतं. कलबाग २००३ साली गेले. लॅब चालू राहिली. आज जगभर अशा दोन हजारांहून अधिक लॅब आहेत, आणि आपल्याकडेही शाळाशाळांतून थ्रीडी प्रिंटर येऊन पडताहेत. त्यांची खरेदी मंजूर करण्याआधी संस्थाचालकांनी एकदा पाबळला जाऊन यावं.