हाजिरजवाब रत्ती

उर्दूच्या तासाला ‘हाजिरजवाब’ या शब्दाचा अर्थ सांगताना आम्हा शिक्षकांना बिरबल आठवतो, मुल्ला दोप्याजा आठवतो. एकाही बाईचे नाव ओठावर येत नाही. आमच्या धारूरमध्ये तर पटकन उत्तर देणाऱ्या मुलीला हाजिरजवाब म्हणतच नाहीत, जबानदराज म्हणतात.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची लेक अ‍ॅलिस (१८८४–१९८०) अशीच जबानदराज होती. मी देश चालवू शकेन किंवा अ‍ॅलिसला सांभाळू शकेन, दोन्ही जमणार नाही, असे खुद्द बाप म्हणे. तिच्या तोडीची बाई आपल्या मुंबईत होऊन गेली. रतनबाई पेटिट, म्हणजेच रत्ती जिना.

नाव ऐकून काही वाचक चपापतील. मुसलमानाने जिनांच्या घरातले काही लिहिले की त्याच्या नियतीचा हिशोब मागितला जातो, हे आम्ही जाणतो. पण ही बाई मुंबईची, तिची कबरही मुंबईतच. लाहोरचा ठराव झाला १९४० साली, त्याच्या अकरा वर्षे आधीच ती गेली.

जन्म २० फेब्रुवारी १९००. घराणे गिरणीमालक पारशी, वडील सर दिनशा पेटिट. न्या. छागलांनी एक किस्सा सांगितला आहे. आंतरधर्मीय विवाहांबद्दल आपले मत काय, असे बॅरिस्टर जिनांनी दिनशांना विचारले. त्यांनी तोंड भरून तारीफ केली. मग जिनांनी त्यांच्याच मुलीचा हात मागितला! दिनशा कोर्टात गेले, कारण मुलगी अज्ञान होती. रत्ती अठरा वर्षे पुरी होईपर्यंत थांबली. १८ एप्रिल १९१८ रोजी तिने इस्लाम स्वीकारला, दुसऱ्या दिवशी निकाह झाला. माहेरचे दार बंद झाले.

त्याच वर्षी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्यासमोर ती झुकली नाही, हात जोडून नमस्कार केला. रोममध्ये रोमनांसारखे वागावे, असे लाटसाहेबांनी सुनावले. तेच तर मी केले, हिंदुस्थानात हिंदुस्थानी पद्धतीने अभिवादन केले, असे तिचे उत्तर. पुढे लॉर्ड रीडिंग म्हणाले, जर्मनीला जाण्याची फार इच्छा आहे, पण जर्मनांना आम्ही इंग्रज आवडत नाही, कसे जाणार? रत्तीने विचारले, मग हिंदुस्थानात कसे आलात? तिचे स्नेही कानजी द्वारकादास यांनी या हकिकती लिहून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. सरकारदरबारी मानपान मिळवण्यासाठी भलेभले जिथे रांगेत उभे राहत, तिथे एक अठरा-एकवीस वर्षांची मुलगी हे बोलत होती.

ती केवळ मेजवान्यांतली बाई नव्हती. डिसेंबर १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांच्या सत्काराला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये जिनांनी विरोध केला, तेव्हा तीही त्या निदर्शनांत होती. त्या लढ्याच्या आठवणीसाठी लोकांनी वर्गणी काढून जिना हॉल बांधला.

संसार मात्र टिकला नाही. नवरा वकिली आणि राजकारणात बुडालेला, ही एकाकी आणि आजारी. १९२८ मध्ये वेगळी झाली आणि २० फेब्रुवारी १९२९ रोजी, बरोबर एकोणतिसाव्या वाढदिवशी, वारली. माझगावच्या आरामबाग कब्रस्तानात तिला दफन केले. तिथे जिना रडले, असे पाहणारे सांगतात. जाहीरपणे ते क्वचितच रडले.

त्यांची एकुलती लेक दीना (जन्म ऑगस्ट १९१९). ती मोठी झाली तोवर बाप मुस्लिम लीगचा अध्यक्ष आणि कौमचा नेता होता. पारशी कुळातल्या नेव्हिल वाडिया यांच्याशी लग्न करण्याचे तिने ठरवले, तेव्हा बाप संतापला. हिंदुस्थानात लाखो मुस्लिम मुले आहेत, तुला हाच सापडला? मुलीने उलट विचारले, लाखो मुस्लिम मुली होत्या, मग तुम्ही माझ्या आईशीच लग्न का केले? हाही किस्सा छागलांचाच. आमच्या मते तिथे रत्तीच बोलत होती. जिना म्हणाले, ती मुसलमान झाली होती.

दिनशांनी लावलेले दार आता जिनांनी लावले. १९३८ मध्ये दीनाने लग्न केले. फाळणीनंतर ती पाकिस्तानात राहायला गेली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये कराचीला गेली ती वडिलांच्या जनाजासाठी. २ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले.